पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघायचं नाही : पोलिसांच्या गैरवर्तनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमधली वीस-बावीस मंडळी. शिवणकाम करणाऱ्या दोघी, एक निवृत्त पोस्टमन, एक ई-रिक्षावाला, दोन वकील आणि बाकी माझ्यासारखे घरात बसून चिडणारे. रविवारी संध्याकाळी विहाराच्या वाचनालयात बसतो. दर रविवारी कोणीतरी नवीन येतं आणि प्रश्न मात्र जुनेच असतात, म्हणून ते इथे लिहून ठेवले. मी स्वतः वकील नाही. कलमांचे आकडे आमच्या वकिलांनी तपासलेत, बाकी चिडचिड माझी.

तुम्ही पोलिसांच्या विरोधात आहात का?

नाही. आमच्यातल्या एकीचा मुलगा शिपाई आहे आणि वस्तीतली निम्मी पोरं पहाटे पाचला भरतीसाठी मैदानावर पळतात. चोरी झाली की आम्हीही ११२ लाच फोन लावतो. वर्दीतल्या माणसाने हात उचलला तर त्याला विचारणारं, त्याच्या साहेबाशिवाय, दुसरं कोणीतरी असावं एवढंच आमचं म्हणणं. तसं असावं असा सुप्रीम कोर्टाचा आदेश २००६ पासून आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

पोराला आत्ताच उचलून नेलंय. काय करू?

आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहा. कागद नसेल तर हातावर लिहा, नाहीतर स्वतःच्याच व्हॉट्सअॅपवर मेसेज टाका. किती वाजता नेलं, किती जण होते, वर्दीत की साध्या कपड्यांत, गाडीचा नंबर काय.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला डीबीवाल्यांनी, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाने, नेलं. दीड दिवस ठेवलं, मारलं आणि सोडून दिलं. कुठेच नोंद नाही. आम्ही तक्रार केली. चौकशीला बसलेल्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती वाजता नेलं?" बहीण म्हणाली, मालिका संपल्यावर. जावई म्हणाले, दहा. मी म्हटलं, अकरा तरी असतील. साहेबांनी पेन खाली ठेवलं. तिघेही खरंच बोलत होतो, पण कागदावर ते तीन वेगळे जबाब झाले. तक्रार तिथेच बसली.

वेळ लिहून झाली की ठाण्यात जा, एकटे जाऊ नका. दोन-तीन बायका असल्या तर बरं, पन्नास जणांचा घोळका नको. ड्युटी अंमलदाराला शांतपणे विचारा : अटक आहे की चौकशी? गुन्हा नंबर काय? अटक असेल तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. त्या चोवीस तासांत प्रवासाचा वेळ धरत नाहीत, पण नागपुरातल्या ठाण्यातून सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात जायला किती वेळ लागतो ते तुम्हालाही माहीत आहे.

अटकेच्या वेळी पंचनाम्यासारखा एक कागद करतात, अटक मेमो. त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही लागते. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने हे घालून दिलं, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. 'प्रतिष्ठित व्यक्ती' म्हटलं की पोलिसांना ठाण्यासमोरचा पानठेलेवालाच आठवतो. वस्तीतल्या शिक्षिकेने पुढे होऊन "मी करते सही" म्हटलं तर तिला नाही म्हणता येत नाही. सही करताना वेळ वाचून घ्या. मेमोवरची वेळ आणि तुमच्या हातावरची वेळ यांत सहा तासांचा फरक निघाला, तर तीच तुमची केस.

"चौकशी आहे, जरा येऊन जा" असा फोन आला. जायलाच पाहिजे का?

फोनवर नाही. लेखी नोटीस मागा. साक्षीदार म्हणून बोलवत असतील तर बाई, पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठीच्या पुढचा माणूस, दिव्यांग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन विचारायचं असतं (त्याच संहितेचं कलम १७९). आरोपी म्हणून बोलवत असतील आणि गुन्हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल, तर सरसकट अटक करायची नसते, आधी कलम ३५(३) ची नोटीस द्यायची असते. जुने लोक तिला अजून '४१-अ ची नोटीस' म्हणतात. ती आली तर मात्र जा. टाळलीत तर त्यावरूनच अटक होऊ शकते. चौकशीदरम्यान वकिलाला भेटायचा हक्क आहे, पूर्ण वेळ शेजारी बसवायचा नाही.

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही लागतात.

आमची तक्रार घेतच नाहीत. "एनसी करून देतो" म्हणतात.

नागपुरातलं हे सगळ्यात जुनं दुखणं. एनसी म्हणजे अदखलपात्र. पोलीस स्वतःहून तपास करणार नाहीत आणि तुम्ही पावती घेऊन घरी. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. हद्दीचं कारणही चालत नाही. घटना पाचपावलीची आणि तुम्ही सक्करदऱ्यात असाल, तरी तिथे झिरो एफआयआर होतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

नाहीच घेतली तर वाद घालत बसू नका. तीच तक्रार लिहून परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा, ग्रामीणमध्ये असाल तर पोलीस अधीक्षकांना. तिथेही काही हललं नाही तर शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. पायऱ्या चुकवल्या तर कोर्ट परत पाठवतं, म्हणून पोस्टाची पावती चिकटवून ठेवा. आमचे पोस्टमनकाका म्हणतात की आयुष्यभर त्यांनी वाटलेल्या पत्रांपेक्षा या पावत्यांनी जास्त कामं केली.

पोच म्हणजे नक्की काय, आणि तिच्यासाठी एवढा हट्ट कशाला?

अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. दुसरी प्रत म्हणजे तुमची ओसी. "ठेवून जा, साहेब आले की बघतील" असं म्हटलं की समजायचं, तो अर्ज टेबलाच्या काचेखालीही जाणार नाही. शिक्का नसेल तर तुम्ही गेलाच नव्हतात.

शिक्का देत नसतील तर तिथेच बाकावर बसून राहायचं. आमच्या दोघी एकदा दुपारी दोनपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत बसल्या होत्या. एक जण येताना सोबत ब्लाउजला काज-बटणं करायचं काम घेऊन आली होती. सहा ब्लाउज झाले, मग शिक्का आला.

पोलिसांचीच तक्रार पोलिसांकडे कशी करायची? दुसरी जागा आहे का?

आहे : पोलीस तक्रार प्राधिकरण. २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने राज्यांना पोलीस सुधारणांचे आदेश दिले, त्यांतला हा एक. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून ते आणलं. एक राज्य पातळीवर, मुंबईत, आणि दुसरं महसूल विभाग पातळीवर. नागपूर विभाग म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली. शिपाई ते पोलीस निरीक्षक, म्हणजे आपल्या भाषेत ठाणेदारापर्यंतची तक्रार विभागीय प्राधिकरणाकडे. सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षक आणि त्यांच्या वरच्यांची राज्याकडे.

कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, कायदा डावलून अटक किंवा डांबून ठेवणं, लाच, खंडणी, घर-जमीन बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर हे तिथले विषय. तुम्ही स्वतः, घरचं कोणी किंवा तुमच्या वतीने दुसरं कोणीही तक्रार देऊ शकतं. प्राधिकरणाला साक्षीदार बोलवायचे, कागदपत्रं मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. शपथपत्र जोडा, ओसी जोडा, दवाखान्याचे कागद जोडा. ठाणेदार तुमच्याशी उद्धट बोलला, एवढंच असेल तर तिकडे जाऊ नका. तो अर्ज उपायुक्तांकडे द्या.

मानवी हक्क आयोग वेगळा. तिथे फी नाही, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत जायला हवं. आणि एकच प्रकरण राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग दोन्हीकडे टाकलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. एक निवडा.

या प्राधिकरणात लोकांचं कोणी असतं का, की निवृत्त साहेबांचीच सोय?

प्रश्न रास्त आहे. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. सोबत निवृत्त पोलीस अधिकारी आणि नागरी समाजातली एक व्यक्ती. राज्याच्या प्राधिकरणात सेवेतला वरिष्ठ पोलीस अधिकारीसुद्धा बसतो. नेमणुका सरकार करतं. म्हणजे ज्याला आपण 'लोकांची देखरेख' म्हणतो ती एका खुर्चीवर टेकलेली आहे आणि त्या खुर्चीवर कोण बसलंय हे वस्तीतल्या शंभरातल्या एकालाही सांगता येणार नाही.

दुसरी गोम शिफारशीची. सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक असावी. राज्याच्या कायद्यात मात्र अपवादात्मक प्रकरणात कारणं नोंदवून ती नाकारायची वाट सरकारने स्वतःसाठी ठेवली.

म्हणून आमच्या मागण्या मोर्च्याच्या घोषणेत बसणाऱ्या नाहीत, कंटाळवाण्या आहेत. नागरी सदस्याची जागा रिकामी राहू नये, निवडीची जाहिरात वर्तमानपत्रात यावी, त्यात बाई आणि दलित-आदिवासी-भटक्या समाजातली व्यक्ती असावी. किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती शिफारशी सरकारने फेटाळल्या, हे दरवर्षी ठाण्याच्या फळ्यावर लागावं. हिवाळी अधिवेशनात आम्ही याच कागदाचं निवेदन घेऊन आमदार निवासात फिरतो. चहा सगळे पाजतात.

ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण मागता येतं का?

येतं, आणि लवकर मागा. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात आत-बाहेर जायची दारं, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, स्वच्छतागृहाबाहेरची जागा, सगळीकडे आवाजासह कॅमेरे हवेत आणि चित्रण अठरा महिने जपायला हवं. तांत्रिक अडचण असेल तरी एक वर्षापेक्षा कमी नाही. पण कॅमेरा नेमका त्याच रात्री बंद असतो, हा अनुभव गावोगावचा आहे.

म्हणून आठवड्याच्या आत अर्ज द्या : "अमुक तारखेचं रात्री नऊ ते पहाटे तीनपर्यंतचं, प्रवेशद्वार आणि डीबी खोलीसमोरचं चित्रण जपून ठेवावं." वेळ लिहायला का सांगितली ते आता कळलं असेल. अर्जाची एक प्रत जिल्हा देखरेख समितीला. त्याच निकालाने ही समिती सांगितली आहे : विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि शहराचे महापौर. तुमच्या नगरसेवकाला विचारून बघा, या समितीची शेवटची बैठक कधी झाली. आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी आम्हालाच विचारलं, "अशी समिती असते का?"

मोबाईलवर शूटिंग केलं तर गुन्हा होतो का?

२०२२ साली आपल्याच नागपूर खंडपीठाने वर्ध्याच्या एका प्रकरणात सांगितलं की पोलीस ठाणं हे शासकीय गुपितं कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही. ठाण्यातलं बोलणं रेकॉर्ड केलं म्हणून लावलेला गुन्हा कोर्टाने रद्द केला. तरी पोलिसांच्या आडवे येऊ नका, चेहऱ्याजवळ मोबाईल नेऊ नका, लाइव्ह करू नका. पीडित बाई किंवा अल्पवयीन मूल दिसत असेल तर तो व्हिडिओ कुठल्याच ग्रुपवर टाकायचा नाही.

"तीनशे त्रेपन्न लावीन" अशी धमकी देतात.

जुनं कलम ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२ : सरकारी नोकराला काम करण्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर. विचारणं म्हणजे हल्ला नव्हे. पण ठाण्यात टेबलावर हात आपटलात तर साक्षीदार सगळे त्यांचेच असतील. आमच्यात नियम आहे : ज्याला लवकर राग येतो तो बाहेर गाडीजवळ थांबतो. मी नेहमी गाडीजवळ असते.

मारलंय, पण पोरगा दवाखान्यात जायला तयार नाही.

समजावा आणि त्याच दिवशी न्या. मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत, कॅज्युअल्टीला. खाजगी डॉक्टरची चिठ्ठी उपयोगी पडते, पण एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद वेगळी. डॉक्टरने विचारलं "कशाने लागलं?", तर "पडलो" म्हणू नका. तळपायावरचे वळ दोन-चार दिवसांत जातात. फोटो काढताना शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवा. अटकेत असेल तर वैद्यकीय तपासणी कायद्यानेच करावी लागते आणि मॅजिस्ट्रेटसमोर उभं केल्यावर तोंडाने सांगता येतं : "साहेब, मला मारलं." ते वाक्य पोराकडून आधी म्हणवून घ्या. ऐनवेळी मागे तोच हवालदार उभा असतो आणि घशातून आवाज फुटत नाही.

मारून घेतलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आणि कबुलीसाठी मारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम १२०.

कोठडीत मृत्यू झाला तर?

कागदांवर घाईने सह्या करू नका. न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी कायद्याने होते, त्यात तुमचं म्हणणं नोंदवा. शवविच्छेदनाचं चित्रीकरण मागा. पण चौकशी झाली म्हणजे आपोआप गुन्हा नोंदला जातो असं नाही. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कोठडीतल्या तरुणाचा मृत्यू झाला, त्याच्या आईला हायकोर्टात जावं लागलं, तेव्हा जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने एफआयआरचा आदेश दिला. अशा वेळी आम्हाला रात्री कितीही वाजता फोन करा.

सरळ मोर्चा का काढत नाही?

काढतोही. पण या शहराची आठवण लांब आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशनावर आलेल्या गोवारींच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली, त्यांत बायका आणि लेकरं जास्त. माझी आई त्या दिवशी सीताबर्डीत भाजी घ्यायला गेली होती. परत आली तेव्हा पिशवी रिकामी होती आणि रात्रभर ती फक्त चपलांबद्दल बोलत होती, रस्त्यावर पडलेल्या लहान लहान चपलांबद्दल. म्हणून आमच्याकडे मोर्चा म्हटलं की आधी बाहेर पडायच्या वाटा ठरतात, दोरी धरणारे ठरतात, लेकरं घरी.

आणि कोणीच ऐकत नाही तेव्हा काय होतं, तेही इथेच झालं. कस्तुरबानगरच्या बायका अक्कू यादव या गुंडाबद्दल सांगून थकल्या, पोलिसांनी दाद दिली नाही. १३ ऑगस्ट २००४ ला जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जमावाने त्याला मारलं. काही जण अजून ते अभिमानाने सांगतात. मला त्यात अभिमान वाटत नाही. त्याआधी किती बायका किती वेळा ठाण्याच्या पायऱ्या चढून रिकाम्या हाताने उतरल्या असतील, तेच आठवतं.

मथुरा प्रकरणही आपल्याच विदर्भातलं. देसाईगंज ठाण्यात १९७२ साली आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने सोडलं. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पत्र आणि रस्ता, दोन्ही लागले.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जिल्हा न्यायालयातच. बाई, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती किंवा कोठडीतला माणूस असेल तर उत्पन्न न बघता वकील फुकट. फोन १५१००.

तक्रार केल्यावर पोलीस त्रास देतील ना?

देऊ शकतात. चार्लीची, म्हणजे गस्तीच्या पोलिसांची, गाडी घरासमोर हळू होते, जुन्या चॅप्टर केसची (शांतता राखायची हमी मागणाऱ्या कारवाईची) नोटीस येते, 'तडीपार करू' म्हणतात. खोटं सांगणार नाही. म्हणून तक्रार एकट्याच्या नावाने देऊ नका, सोबत चार जणांच्या सह्या आणि शपथपत्रं जोडा. प्रत्येक भेटीची तारीख-वेळ वहीत. पारधी वस्तीतून आलेल्या एका आजीने मला विचारलं होतं, "आमच्याकडे तर तक्रार न करताच येतात, आता काय वेगळं होईल?" तिला उत्तर देता आलं नाही. वही मात्र दिली. ती तिच्या नातीने भरत आणली आहे.

कधी काही निष्पन्न झालं का?

थोडं. दोन प्रकरणांत खात्यांतर्गत चौकशी लागली, एका पोराला नुसतं बसवून ठेवलं होतं तो रात्रीतून सुटला कारण आम्ही बाकावरून उठलो नाही. बाकी तारखा. ज्या ठाण्यात आम्ही सारखे जातो तिथे आता अर्ज घेताना शिक्का आपोआप पुढे येतो, हे मात्र खरं.

रविवारी यायचं असेल तर काय आणायचं?

असतील ते सगळे कागद, मूळ नको, झेरॉक्स. एक शंभर पानी वही. घटना बघितलेलं माणूस असेल तर त्याला सोबत आणा, पण येताना वाटेत एकमेकांच्या गोष्टी जुळवू नका. जे दिसलं तेवढंच सांगायचं. आणि ओसीवरचा शिक्का नीट बघून घ्या. तारीख पुसट उठली असेल तर परत जाऊन दुसऱ्यांदा मारून आणा.